बरोबर पाव खाणारी

सरांनी घरातली भिंत फोडून घेतली होती, तिथून सुरुवात केलेली बरी.

स्वयंपाकघर आणि सरांची अभ्यासाची खोली यांच्यामधली ती भिंत. जेवायला म्हणून उठायचं, बाहेर यायचं, बायकोसमोर बसायचं, भाजीत मीठ बरोबर आहे का याला उत्तर द्यायचं, एवढ्यात म्हणे डोक्यातला शब्द निसटून जायचा. शब्द म्हणजे काय सशाचं पिल्लू होतं, निसटायला? पण सरांनी गवंडी बोलावला आणि भिंतीला छातीच्या उंचीवर एक चौकोनी भोक पाडून घेतलं. त्याला लाकडी फळी, फळीला बिजागऱ्या. आतून टकटक झालं की बायकोने फळी उघडायची, भरलेलं ताट सरकवायचं आणि फळी लावायची. पुन्हा टकटक झालं की रिकामं ताट ओढून घ्यायचं. सरांना जेवणाच्या वेळी बायको दिसायची ती कोपरापर्यंत.

तेव्हा लग्नाला फार वर्षं झाली नव्हती. बायकोला वाटलं, नव्याचे नऊ दिवस, कंटाळतील आणि येतील बाहेर. कसचं काय! बिजागऱ्या बदलाव्या लागल्या, फळी बदलावी लागली, पण सर काही बाहेर आले नाहीत. मूलबाळ झालं नाही, त्यामुळे जेवताना घरात तिसरं माणूसही नसायचं. ते आत जेवत, ही बाहेर जेवे, मध्ये भिंत. आणि याच माणसाने परवाच्या रविवारी भरल्या सभागृहात माइकसमोर उभं राहून सांगितलं की, नवरा-बायकोच्या नात्यासाठी जगात एकच खरा शब्द आहे आणि त्याच्या मुळाशी अर्थ आहे ‘बरोबर बसून पाव खाणारे’. डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. आता बोला!

त्या रविवारपर्यंत बायकोला एका गोष्टीचा निकाल लावायचा होता. या घरात राहायचं, की धाकट्या बहिणीकडे कायमचं निघून जायचं. सरांना याचा पत्ता नव्हता. कशाला असेल? कुठल्या शब्दकोशात छापलं होतं थोडंच!

या बायकोला सगळे ताई म्हणत. धाकटी बहीण म्हणायची, तिचं ऐकून माहेर म्हणायला लागलं, आणि पुढे ती ज्या हॉस्पिटलात लागली तिथेही तेच नाव पडलं. ताई हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत होती. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे गाऊन, सगळं तिच्या हाताखालून जायचं. रक्ताचा डाग आधी गार पाण्यात, गरम पाणी लागलं की तो कायमचा बसला, हे ती नव्या पोरींना पहिल्याच दिवशी शिकवायची. फाटलेल्या चादरीतून दोन लहान चादरी काढायची, त्यातूनही उरलं तर पुसायची फडकी. दिवसभर उभं राहून घरी यायची आणि पदर खोचून... छे, दमही न खाता स्वयंपाकाला लागायची, कारण आत टकटक सुरू व्हायची.

आणि सर? सर शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि लॅटिनचे पंडित म्हणून मिरवायचे. खरी गोष्ट अशी की, तरुणपणी रद्दीच्या दुकानात त्यांना शब्दांची मुळं सांगणारा एक जाडजूड कोश सापडला. पुठ्ठा गेलेला, सुरुवातीची पानं उंदरांनी कुरतडलेली. त्या कोशाच्या जिवावर सरांनी उभा जन्म काढला. ‘मला भूक लागली आहे’ एवढं वाक्य त्यांना लॅटिनमध्ये जुळवता आलं नसतं. पण एखाद्या इंग्रजी शब्दाच्या पोटात कुठला लॅटिन शब्द दडलाय हे कुणी विचारलं, की चेहऱ्यावर अशी कळा यायची, जसं काही तो शब्द यांच्याच मांडीवर जन्मला होता. उथळ पाण्याला खळखळाट फार, म्हणतात ते उगीच नाही.

बरं, कुणी विचारायचीही गरज नसे. न्हाव्याच्या खुर्चीत बसले की सांगायचे, “मसल म्हणजे मूळ अर्थ छोटा उंदीर. दंड फुगवला की कातडीखाली उंदीर पळतो ना, तसा.” न्हावी बिचारा खांदे रगडत असायचा, तो हातच काढून घ्यायचा. ताईला पहिला पगार झाला, ती हुरळून घरी आली, तर सर म्हणाले, “सॅलरी या शब्दात मीठ आहे. लॅटिनमध्ये मिठाला साल म्हणतात.” ताई तेव्हा नवी होती, हसरी होती. म्हणाली, “मग येताना किलोभर आणा, घरातलं संपलंय.” सरांना विनोद कळला नाही. मीठही आणलं नाही.

ताईचे वडील गेले तेव्हाची गोष्ट तर कुणाला सांगायचीही लाज वाटते. माणसं भेटायला येत होती, ताई आणि धाकटी भिंतीला टेकून बसल्या होत्या. सर उठून उभे राहिले. सगळ्यांना वाटलं, जावई दोन शब्द बोलणार. बोलले! “कंडोलन्स म्हणजे बरोबर दुःख करणं. कॉन म्हणजे बरोबर, डोलेरे म्हणजे दुखणं. लोक नुसतं तोंडदेखलं वापरतात, अर्थ कुणाला माहीत नसतो.” एवढं बोलून, घड्याळ बघून, हे शाळेत तास घ्यायला निघून गेले. धाकटी ताईच्या कानात म्हणाली, “ताई, बाबांनी तुला याच्या गळ्यात बांधलं, आणि स्वतः सुटले बघ.” दोघी रडता रडता हसल्या. बायकांना असं जमतं, म्हणून त्या जगतात.

शाळेतल्या पोरांनी सरांचं नाव ठेवलं होतं मूळव्याध. शब्दाचं मूळ शोधायची व्याध जडलेला, म्हणून. ताईला हे फार उशिरा कळलं, आणि कळलं त्या दिवशी तिने स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडला, म्हणजे हसण्याचा आवाज आत जाऊ नये. मग ते नाव दोघी बहिणींचं झालं. धाकटी फोनवर विचारायची, “काय गं, मूळव्याध कशी आहे?” ताई म्हणायची, “आहे तशीच. बसायची सोय नाही.”

पण हसून हसून किती हसणार? ताईचं दुखणं सुरू झालं आणि हसणं आटलं.

आधी पोट फुगायचं. मग जुलाब, मग केस मूठमूठ गळायला लागले. जिना चढताना धाप लागायची. एके दिवशी कपड्यांच्या खोलीत चादरींचा गठ्ठा उचलायला वाकली आणि तशीच गठ्ठ्यावर आडवी झाली. पोरींनी आरडाओरडा केला. हॉस्पिटलमध्येच होती, त्यामुळे डॉक्टर शोधायला लांब जावं लागलं नाही. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, नळी घालून आतडं बघितलं आणि सांगितलं, “ताई, तुम्हाला गहू सोसत नाही. आतडं सोलून निघालंय. आजपासून गहू बंद. पाव बंद, बिस्कीट बंद, केक बंद. चार दिवस नाही, जन्मभर. एक घासही चालायचा नाही.”

त्या दिवशी संध्याकाळी ताईने फळी उघडली, ताट सरकवलं आणि फळी लावली नाही. वाकून आत बघत म्हणाली, “अहो, ऐका ना. डॉक्टरांनी मला गहू बंद केलाय. कायमचा.”

सर घास चावत होते. त्यांनी मान वर केली. ताईला वाटलं, विचारतील.

“सीरियल,” सर म्हणाले. “धान्याला इंग्रजीत काय म्हणतात? सीरियल. हा शब्द सीरीस नावाच्या रोमन देवीवरून आलाय. धान्याची देवी. लोक सकाळी वाडग्यात दूध घालून तिला खातात आणि त्यांना पत्ता नसतो!” आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन त्यांनी फळी आतून ओढून घेतली.

माणूस इतका कोरडा असू शकतो? असतो. ताई भोकासमोर उभी राहिली आणि पहिल्यांदा तिला राग आला नाही. दुसरंच काहीतरी वाटलं. रस्त्यात कुणी पचकन थुंकलेलं दिसावं आणि आपण पाय बाजूला घ्यावा, तसं.

तेव्हापासून घरात दोन स्वयंपाक होऊ लागले. सरांचा पाव कोपऱ्यावरच्या बेकरीतून यायचा. ताई स्वतःसाठी वेगळ्या पातेलीत भात लावायची, अंडं उकडायची, बटाटा परतायची. सरांच्या पावाचा चुरा आपल्या ताटात पडू नये म्हणून तिने स्वतःचं ताट, चमचा, पातेली निराळ्या फडताळात ठेवली. एकाच घरात, एकाच ओट्यावर दोन संसार मांडले आणि नवऱ्याच्या लक्षात आलं नाही. वर्षांमागून वर्षं गेली. ‘तू जेवलीस का?’ एवढं अनोळखी माणूसही विचारतो. सरांनी तेवढंही कधी विचारलं नाही.

धाकटीचं तसं नव्हतं. तिचं बटणं, चेनी, रिळं, अस्तरं असलं शिवणाच्या सामानाचं दुकान होतं, नवरा लवकर गेलेला, दुकानावरच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. ताई तिच्याकडे चार दिवस राहायला गेली तेव्हा धाकटीने आधीच स्वयंपाकघर घासूनपुसून लख्ख केलेलं. जुना तवा माळ्यावर टाकून नवा आणलेला. घरातलं पीठ शेजारणीला देऊन टाकलेलं. “अगं, तू खा की गव्हाचं,” ताई म्हणाली. “तू इथे असताना मी पाव खाऊ? घशाखाली तरी उतरेल का?” धाकटी म्हणाली आणि दोघी एका टेबलाशी बसून भात जेवल्या. ताईला हुंदकाच आला. धाकटीला वाटलं तिखट लागलं.

निघताना धाकटीने स्पष्ट सांगितलं, “ताई, आतली खोली तुझी. आता नोकरीही संपत आली. ये निघून. तिथे कुणासाठी झिजतेस? त्याला बायको नको, ताट सरकवणारा हात हवाय.”

“लोक काय म्हणतील?”

“लोक म्हणजे कोण? मूळव्याध?”

ताई हसली, पण हो म्हणाली नाही. एवढ्या वर्षांचा संसार असा फडक्यासारखा झटकून टाकता येत नाही हो. कितीही वाईट असला तरी तो आपण मांडलेला असतो. ती म्हणाली, “थोडे दिवस दे.”

आणि नेमका तेव्हाच पाइपवाला उगवला.

पाइपवाला म्हणजे सरांचा जुना विद्यार्थी. शाळेत ढ म्हणून बाकावर उभा राहणारा, पुढे प्लॅस्टिकच्या पाइपांचा कारखाना काढून बसलेला. मूळव्याध हे नाव ताईला कळलं तेही याच्याच तोंडून, पूर्वी एकदा बोलता बोलता निसटलं तेव्हा. माणूस भोळा. तो फुलं घेऊन आला. “सर, आम्ही जुन्या मुलांनी तुमचा सत्कार ठरवलाय. रविवारी सकाळी, शाळेच्या हॉलमध्ये. तुम्ही आणि काकू, जोडीने. आणि तुमच्या पद्धतीने एका शब्दावर बोला.”

सर फुगले. अभ्यासाच्या खोलीत त्याला घेऊन बसले. ताई चहा देण्यासाठी भोकाशी गेली आणि फळीपाशीच थांबली, कारण आत तिच्याबद्दल बोलणं चाललं होतं.

“कम्पॅनियन!” सर म्हणत होते. “यावर बोलणार मी. कॉम म्हणजे बरोबर, पानिस म्हणजे पाव. बरोबर पाव खाणारे ते कम्पॅनियन. नवरा-बायको दुसरं काय असतात? आणि नुसतं बोलणार नाही. स्टेजवर टेबल मांडा, त्यावर एक मोठा पाव ठेवा. मी तो मोडणार आणि पहिला घास हिच्या तोंडात घालणार. हॉल रडला पाहिजे!”

“वा सर!” पाइपवाल्याचे डोळे आत्ताच भरून आले.

ताईने चहा सरकवला. आत दिसला तो कोपरापर्यंतचा हात, तिचा चेहरा कुणाला दिसला नाही.

पाइपवाला गेल्यावर तिने विचारलं, “स्टेजवर मी पाव खायचा?”

“एकच घास. तोंड जरा मोठं उघड, मागच्या रांगेला दिसायला हवं.”

“आणि नाही खाल्ला तर?”

“का नाही खाणार? जगातली सगळी माणसं पाव खातात,” सर म्हणाले.

झालं. ताईने त्या क्षणी मनाशी ठरवलं. रविवारपर्यंत या माणसाला आठवलं, किंवा आठवलं नाही तरी नुसता संशय आला, नुसतं एकदा विचारलं, की ‘अगं, तू काय खातेस?’, तर धाकटीला नाही म्हणून कळवायचं आणि उरलेलं आयुष्य इथेच काढायचं. नाही विचारलं तर जायचं. तिने धाकटीला फोन करून सांगितलं, “रविवारी दुपारी कळवते.”

आणि तिने सरांना मदतही केली, बरं का! परीक्षेत पोराला उत्तर सुचवावं तशी. फळी उघडी ठेवून, भोकासमोर स्टूल ओढून, ती त्यांच्या डोळ्यांदेखत भात जेवायला बसली. सर म्हणाले, “जरा बाजूला सरक, उजेड अडतोय.” दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या आपल्या गोळ्या सरांच्या ताटाशेजारी ठेवल्या. सरांनी गोळ्यांची पट्टी उचलून त्यावरचं नाव वाचलं, आणि ती पट्टी कोशात खूण म्हणून घालून टाकली! ताईला आपल्या गोळ्या परत मागून घ्याव्या लागल्या. आंधळा परवडला. आंधळ्याला निदान आपल्याला दिसत नाही हे ठाऊक असतं.

शेवटी रविवार उजाडला. हॉल भरला होता. टक्कल पडलेले विद्यार्थी, त्यांच्या बायका, कंटाळलेली नातवंडं. स्टेजवर पांढरं कापड घातलेलं टेबल, टेबलावर उशीएवढा पाव. ताईला ठेवणीतले कपडे घालून त्या पावासमोर बसवलं होतं. भाजलेल्या गव्हाचा तो वास तिला अजून आवडायचा, हे विशेष. जे सोसत नाही त्याचा वास आवडायचा थांबतो थोडाच!

सरांचं भाषण झकास झालं, खोटं कशाला बोला. हातवारे, थांबणं, आवाज खाली आणणं, सगळं तालीम केल्यासारखं. कॉम सांगितलं, पानिस सांगितलं. पूर्वी सैनिक कसे एकच पाव वाटून खायचे ते रंगवून सांगितलं. मग ताईकडे हात करून म्हणाले, “आणि ही माझी कम्पॅनियन. माझ्या आयुष्यातला एक घास असा नाही, जो हिच्याशिवाय माझ्या घशाखाली उतरला!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. ताईला वाटलं, स्टेज दुभंगावं आणि त्यात आपण नव्हे, हे जावेत. किती बेशरमपणा असावा माणसाने? आणि कमाल म्हणजे सरांना ते खोटं वाटत नव्हतं. त्यांचे डोळे खरंच भरले होते. शब्दाचा अर्थ सांगितला की ती गोष्ट केल्यासारखीच, असा त्यांचा हिशेब होता. सगळा जन्म त्यांनी त्याच हिशेबाने काढला होता.

सरांनी पाव मोडला, मऊ तुकडा काढला आणि ताईच्या तोंडाशी नेला. “हं,” ते हळूच म्हणाले, “मोठं उघड.”

ताईने तो तुकडा हातात घेतला आणि टेबलावर ठेवला. मग माइक आपल्याकडे ओढला. “एका टेबलाशी आज आम्ही फार वर्षांनी बसलोय,” ती म्हणाली. “घरी मी यांना भिंतीतल्या भोकातून जेवायला देते.”

हॉल खो खो हसला. लोकांना वाटलं, काकूंनी काय फर्मास विनोद केला! सरही हसले. माइककडे वाकून म्हणाले, “ह्यूमर! लॅटिनमध्ये याचा अर्थ ओलावा!” आणखी हशा. आणि तो तुकडा त्यांनी पुन्हा उचलून तिच्या ओठांशी धरला.

“मला गहू चालत नाही,” ताई म्हणाली. “माझं आतडं खराब झालंय. एक घास खाल्ला तर मी आठवडाभर आजारी पडेन.”

आता मात्र हसू थांबलं. सरांचा हात तसाच हवेत राहिला. सगळ्यात आधी हलला तो पाइपवाला. धावत स्टेजवर आला, पाव उचलून कुणाच्या तरी हातात कोंबला, टेबलावरचा चुरा स्वतःच्या रुमालाने पुसला. त्याला दरदरून घाम फुटला होता. “काकू, माफ करा हो, मला माहीत नव्हतं. इथे सगळं जेवणही गव्हाचंच केलंय. तुम्ही मग जेवणार काय? भात चालतो का? पाठवतो कुणाला तरी.”

ताईने त्याच्याकडे बघितलं. जो प्रश्न ऐकायला ती इतकी वर्षं भोकापाशी उभी होती, तो बाकावर उभ्या राहणाऱ्या या ढ मुलाने पहिल्या फटक्यात विचारला होता. “भात चालतो रे,” ती म्हणाली.

तिच्यासाठी कुठूनतरी भात आला. ती जेवली. सर शेजारी बसून गव्हाचंच जेवले आणि एकही शब्द बोलले नाहीत.

दुपारी घरी आल्यावर बोलले. “माझा शेवट बिघडवलास तू.”

“कशाचा?”

“भाषणाचा. सगळा परिणाम गेला.”

ताई आत गेली. कपडे बदलले, पाणी प्यायली आणि फोनपाशी आली. धाकटीला कळवायचं होतं. तेवढ्यात सरांनी हाक मारली, “अगं, इकडे ये. बैस जरा.” आवाज मवाळ होता. आणि काय आश्चर्य, त्यांनी स्वतः उठून तिच्यासाठी खुर्ची ओढली.

ताई बसली.

“नक्की काय झालंय तुला?” सर म्हणाले. “कधीपासून? नीट सांग मला.”

ताईला स्वतःची लाज वाटली, पण आशा वाटलीच. रविवार अजून संपला नव्हता. उशिरा का होईना, विचारलं तर खरं! तिने सगळं सांगितलं. पोट फुगणं, केस गळणं, चादरींच्या गठ्ठ्यावर आडवं पडणं, नळी घालून आतडं बघणं. निराळं ताट, निराळी पातेली, सगळं. सर ऐकत होते. खरंच ऐकत होते. मध्ये मध्ये मान हलवत होते. इतका वेळ तिच्या चेहऱ्याकडे ते लग्नानंतर कधी बघत बसले नव्हते. ताईचे डोळे भरून आले. धाकटीला काय सांगायचं, कसं समजवायचं, हेही तिच्या मनात येऊन गेलं.

“नाव काय म्हणाली डॉक्टरीण या आजाराचं?” सरांनी विचारलं.

“सीलिअ‍ॅक.”

“पुन्हा म्हण.”

“सीलिअ‍ॅक.”

सर ताडकन उठले. आतल्या खोलीत गेले, पानं उलटल्याचा आवाज आला, आणि कोशाच्या पानात बोट घालून ते तसेच धावत बाहेर आले. चेहरा कसा फुलून आला होता! “अगं, हे बघ! मला शंका होतीच. आलाय लॅटिनमधून, पण मूळचा ग्रीक. कोइलिया! म्हणजे पोट. पोकळ, म्हणून पोट! काय सुंदर आहे बघ!” आणि मग कपाळाला आठ्या घालून, खरोखर दुखावलेल्या सुरात म्हणाले, “इतकी वर्षं असा शब्द घरात होता, आणि तू मला सांगितलाही नाहीस?”

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. हा म्हातारा आनंदाने थरथरत होता. तिला ओरडावंसं वाटलं नाही, रडावंसं वाटलं नाही. डोळ्यांतलं पाणीही जागच्या जागी सुकलं. याच्यावर आपण इतकी वर्षं रागावलो होतो, म्हणजे याला केवढा मोठा समजत होतो, असं तिच्या मनात आलं. सर पुन्हा खुर्चीत बसून पुढचा शब्द वाचायला लागले होते.

तिने त्यांच्यासमोरच फोन लावला.

“धाकटे, खोली झाडून ठेव,” ती म्हणाली. “हो, कायमची. उद्याच येते.”

पलीकडून धाकटीने घाबरून विचारलं, “ताई, काय झालं गं? फार मोठं भांडण झालं का?”

“छे गं,” ताई म्हणाली, “भांडायला समोर माणूस लागतो.”